खऱ्या नाण्यावरची खोटी रेघ

आर्किमिडीजची आणि राजाच्या मुकुटाची गोष्ट वर्गात कधीच सांगितली नाही, असा विज्ञानशिक्षक विरळाच. सोन्यात चांदी मिसळली, घनता बदलली, लबाडी उघडी पडली. गोष्ट सोपी आहे आणि मुलांच्या लक्षात राहते. मात्र तिच्यामुळे एक समजूतही मनात घट्ट बसते : खोटेपणा म्हणजे भेसळ, आणि भेसळ म्हणजे धातूतला फरक. धातू अस्सल, वजन बरोबर, घनता बरोबर, म्हणजे वस्तू खरी.

ही समजूत पार निरुपयोगी ठरते असे एक क्षेत्र आम्ही येथे मुद्दाम निवडले आहे. अमेरिकेच्या फिलाडेल्फिया येथील टाकसाळीने १७९४ पासून पुढच्या दहाएक वर्षांत चांदीची जी नाणी पाडली, ती आज संग्राहकांच्या जगात अतिशय मोलाची मानली जातात. १७९४ सालचा एक डॉलर जानेवारी २०१३ मध्ये लिलावात १ कोटी १६ हजार ८७५ डॉलरना विकला गेला. त्या वेळी नाण्याच्या किमतीचा तो विक्रम होता. नाण्यावरचे केस, तारे, आकडे जितके ठसठशीत तितकी किंमत चढते, आणि ती चढते सरळ रेषेत नव्हे, तर झपाट्याने. मग झिजलेल्या खऱ्या नाण्यावर कोरणी चालवून केसांच्या बटा पुन्हा काढणे, पुसट तारे ठळक करणे, चित्रांमागची सपाट जागा घासून तिच्यावरचे ओरखडे घालवणे, भोक बुजवणे, एखादा आकडा बदलणे असे उद्योग सुरू होतात. नाणे खरेच असते. खोटी असते ती त्याच्यावरची रेघ.

अशी रेघ ओळखण्याच्या ज्या रीती प्रचलित आहेत, त्यांची झडती या लेखात घ्यायची आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे, की यांतल्या बऱ्याच रीती न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देतात, आणि ज्या रीती खरोखर उपयोगी आहेत त्या वापरणारे लोक आपले कारण सांगत नाहीत.

आधी नाणे कसे घडले ते पाहू. अमेरिकेचा टाकसाळीचा कायदा २ एप्रिल १७९२ चा. त्यानुसार डॉलरचे वजन ४१६ ग्रेन, म्हणजे २६.९६ ग्रॅम, आणि त्यात शुद्ध चांदी ३७१.२५ ग्रेन. टाकसाळीचा पहिला संचालक डेव्हिड रिटनहाउस हा मूळचा खगोलशास्त्रज्ञ. १७६९ चे शुक्राचे अधिक्रमण पाहणाऱ्यांपैकी एक. १५ ऑक्टोबर १७९४ रोजी टाकसाळीतून १,७५८ डॉलर बाहेर पडले. ती पहिली आणि त्या सालची एकमेव खेप. ही सगळी नाणी साच्यांच्या एकाच जोडीतून पाडली होती. दाबयंत्र माणसांनी हाताने फिरवायचे, स्क्रूचे होते, आणि ते मुळात लहान नाण्यांसाठी बनवलेले होते. जवळजवळ ४० मिलिमीटर व्यासाच्या चकतीवर सगळीकडे सारखा दाब देणे त्याला झेपले नाही. शिवाय वरचा आणि खालचा साचा एकमेकांना नीट समांतर बसलेले नव्हते. परिणाम असा, की या डॉलरवर डाव्या बाजूचे तारे बहुधा पुसट उमटले आहेत, आणि नाणे उलटवले तर त्याच भागाच्या पाठीवर असलेली ‘युनायटेड स्टेट्स’ ही अक्षरेही अर्धवट आहेत. पुढच्या वर्षी अधिक ताकदीचे यंत्र आले आणि ही अडचण बरीच दूर झाली.

म्हणजे तो पुसट तारा हा नाण्याचा दोष आहे खरा, पण तो एक पुरावाही आहे. नव्या राष्ट्राच्या टाकसाळीची ताकद पहिल्या वर्षी किती अपुरी होती, हे तो तारा सांगतो. एखाद्या कारागिराने तो कोरून ‘सुधारला’ की गिऱ्हाइकाची फसवणूक होतेच. त्याबरोबर ही साक्षही खोडली जाते, आणि ती परत मिळवता येत नाही. पैशाच्या फसवणुकीपेक्षा आम्हांला हे नुकसान मोठे वाटते.

आता परीक्षांकडे वळू. पहिली वजनाची. केसांची एक रेघ ५ मिलिमीटर लांब, ०.१ मिलिमीटर रुंद आणि ०.०५ मिलिमीटर खोल कोरली, तर धातू गेला ०.०२५ घन मिलिमीटर. वजनात सांगायचे तर पाव मिलिग्रॅम. अशा वीस रेघा कोरल्या तरी ५ मिलिग्रॅम, म्हणजे नाण्याच्या वजनाचा सुमारे पाच हजारावा भाग. तेही सगळा धातू खरवडून निघाला असे धरून. प्रत्यक्षात कोरणी बराचसा धातू नुसता बाजूला सारते. उलट, व्यवहारात झिजून नाण्याचे वजन एकच टक्का घटले, तरी ती घट २७० मिलिग्रॅम होते. कोरणीने झालेल्या घटीच्या पन्नासपटीहून जास्त! वजनकाटा कितीही उत्तम असो, झिजेच्या या गोंगाटात कोरणीचा आवाज ऐकू येणार नाही.

दुसरी घनतेची, म्हणजे आर्किमिडीजचीच. कायद्याप्रमाणे डॉलरमध्ये हजारी ८९२.४ भाग चांदी हवी. चांदीची घनता १०.४९ आणि तांब्याची ८.९६ धरली तर मिश्रधातूची येते १०.३०. पण टाकसाळीचा धातुपरीक्षक आल्बियन कॉक्स याच्या आग्रहाने १७९४-९५ मध्ये कायद्याला बगल देऊन हजारी ९०० भागांचा मिश्रधातू वापरला गेला. त्याची घनता १०.३१. पाण्यात तोलले तर दोन्ही नाण्यांच्या वजनातला फरक जेमतेम ३ मिलिग्रॅमचा. ज्या परीक्षेला कायदेशीर आणि बेकायदेशीर मिश्रधातूतला फरक ओळखण्यासाठी एवढी कसरत करावी लागते, तिला कोरलेला केस काय दिसणार? कमी प्रतीच्या धातूत ओतलेले नकली नाणे ती पकडते, आणि त्यासाठी ती उत्तमच आहे. पण आपला प्रश्न तो नव्हता.

क्ष-किरणांच्या साहाय्याने मूलद्रव्ये ओळखणारी यंत्रे आता हातात मावतील एवढी लहान झाली आहेत, आणि त्यांचा दबदबा फार. पडद्यावर टक्केवारीचे आकडे झळकले की समोरचा माणूस गप्प बसतो. मात्र चांदीच्या बाबतीत हे यंत्र पृष्ठभागाखालच्या मिलिमीटरच्या काही शतांश जाडीतूनच बातमी आणते. जुन्या नाण्याच्या पृष्ठभागातले तांबे काळाच्या ओघात निघून गेलेले असते, त्यामुळे तिथे चांदीचा अंश मुळापेक्षा जास्त भरतो. एक फायदा मात्र मान्य केला पाहिजे. भोक बुजवताना किंवा आकडा चिकटवताना झाळकाम केले असेल, तर त्यातले जस्त किंवा कथील हे यंत्र दाखवून देते. नुसत्या कोरणीच्या कामात बाहेरचे काहीच मिसळलेले नसते. तिथे यंत्र मुके आहे.

यंत्रे संपली की उरते तज्ज्ञाची नजर. येथे आमची टीका वेगळ्या प्रकारची आहे. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून अमेरिकेत नाणी तपासून, त्यांना प्रत ठरवून देऊन, प्लॅस्टिकच्या डबीत कायमची बंद करणाऱ्या संस्था निघाल्या. प्रत ठरवण्यासाठी १ ते ७० अशी जी श्रेणी वापरतात, ती विल्यम शेल्डन याने १९४९ मध्ये तांब्याच्या जुन्या सेंटांसाठी सुचवली होती, आणि तिचा मूळ संबंध किमतींच्या प्रमाणाशी होता. बाजारभावाचे एक कोष्टक कालांतराने एखाद्या भौतिक राशीसारखे वापरले जाऊ लागले, हा इतिहास गुणपत्रिका भरणाऱ्या आपल्यासारख्यांना ओळखीचा वाटेल. ते असो. कोरकाम झालेले नाणे अशा संस्थेकडे गेले तर डबीवर ‘खरे, पण कोरलेले’ अशा अर्थाचा शेरा येतो. हा शेरा बहुतेक वेळा बरोबर असतो, यात आम्हांला शंका नाही. हजारो नाणी हाताखालून गेलेल्या माणसाची नजर स्वस्तात मिळत नाही. पण कुठे कोरले? कशावरून? शेरा एक-दोन शब्दांचा असतो आणि निवाड्यामागचे कारण त्या शब्दांत मावत नाही. गणिताच्या पेपरात उत्तर बरोबर आणि रीत गायब असेल तर आपण पूर्ण गुण देत नाही. येथे मात्र लाखोंचा व्यवहार नुसत्या उत्तरावर होतो. आणखी एक अडचण अशी, की पुष्कळ डब्यांत नाण्याची कड झाकली जाते. कड दिसेल अशा डब्या पुढे निघाल्या, पण कड महत्त्वाची का, हे त्या डबीवर लिहिलेले नसते. ते आता पाहू.

आमच्या मते या विषयातला खरा प्रश्न एकच : कोणती गोष्ट आधी घडली आणि कोणती नंतर? भूगोलाच्या पुस्तकात खडकांचे थर असतात. थरांना छेदणारी भेग थरांहून नवी, हे आपण मुलांना सांगतो. नाण्यावरही असेच थर असतात, फक्त ते मिलिमीटरच्या काही शतांशांत मावतात. क्रम असा : पत्र्यातून चकती कापली, तिचे वजन जास्त भरले तर कानस लावून कमी केले, मग एका यंत्रात घालून कडेवर अक्षरे उमटवली, मग दाबयंत्रात वर-खाली साच्यांमध्ये ठसा मारला, मग नाणे व्यवहारात फिरले आणि झिजले, आणि कोरणी आलीच असेल तर ती सगळ्यांत शेवटी. पुढच्या प्रत्येक क्रियेने आधीच्या क्रियेवर आपली खूण ठेवलेली असते.

कानशीच्या खुणाच घ्या. जुन्या डॉलरांवर आणि अर्ध्या डॉलरांवर पुष्कळदा समांतर ओरखडे दिसतात. नवखा माणूस म्हणतो, नाणे कोणीतरी खरवडले. पण कायद्याला बरोबर वजन हवे आणि जास्त चांदी दिली तर टाकसाळीचे नुकसान, म्हणून चकत्या किंचित जड कापून मग कानशीने घासत असत. हे घासणे ठशाच्या आधीचे. ठसा मारताना धातू वाहतो आणि त्या रेघा दाबल्या जातात. त्यांच्या कडा बोथट होतात, जिथे जोराचा दाब पडला तिथे त्या नाहीशा होतात, आणि दोन अक्षरांमधल्या खोलगट जागेतही रेघ सलग पुढे गेलेली दिसते. नंतर कोणी कानस फिरवली असती तर ती उंच अक्षरांवरून उड्या मारत गेली असती, खोलगट जागेत उतरलीच नसती. या एका निरीक्षणाने एखादे निर्दोष नाणे आरोपातून सुटते. आम्ही यावर भर देतो, कारण लबाडी पकडण्याच्या उत्साहात निरपराध नाण्यांनाही शिक्षा होते आणि त्याची चर्चा कमी होते.

तसेच चांदीच्या बुचाचे. वजनात कमी भरलेल्या काही चकत्यांना मधोमध भोक पाडून टाकसाळीनेच चांदीचे बूच बसवले आणि मग ठसा मारला. २०१३ मध्ये विक्रमी किंमत आलेल्या डॉलरमध्येही असे बूच आहे. दुसरीकडे, पुष्कळ नाण्यांना लोकांनी दागिन्यात ओवण्यासाठी भोके पाडली किंवा कड्या झाळल्या. आपल्याकडच्या जुन्या रुपयांचे हार ज्यांनी पाहिले असतील त्यांना हा प्रकार नवा नाही. पुढे भाव वाढल्यावर ही भोके बुजवण्यात आली. दोन्ही ठिकाणी भोक आणि दोन्ही ठिकाणी बूच! फरक क्रमाचा. टाकसाळीच्या बुचावरून केसांची बट किंवा गरुडाचे पीस न तुटता पलीकडे जाते, कारण ठसा नंतर बसला. नंतर बुजवलेल्या भोकावर चित्र तुटते आणि ते हाताने जोडावे लागते. जोडलेली रेघ शेजारच्या रेघेशी जाडीत, खोलीत, उतारात कुठेतरी जुळत नाही. कडी झाळलेली असेल तर कडेवरची ‘हंड्रेड सेंट्स वन डॉलर ऑर युनिट’ ही अक्षरे त्या जागी बिघडलेली असतात. म्हणून कड पाहायची.

उठाव की खाच, हीही एक साधी कसोटी. साच्याला चीर पडली तर ठसा मारताना तिच्यात धातू शिरतो आणि नाण्यावर उंच रेघ उठते. म्हणून उंच रेघ ही बहुधा साच्याची, आणि तीच रेघ त्या साच्यातून त्यानंतर निघालेल्या इतर नाण्यांवरही सापडते. खाच मात्र चकतीची असेल किंवा नंतरची. १७९६ च्या पाच सेंटांच्या काही चांदीच्या नाण्यांवर ‘लिबर्टी’ या शब्दातला ‘बी’ चक्क ‘के’सारखा दिसतो. पाहताक्षणी वाटते की कोणीतरी खोडसाळपणा केला. पण त्या साच्याची सगळीच नाणी तशी आहेत, तेव्हा दोष टाकसाळीतलाच. एका नाण्यावर आहे आणि त्याच्या भावंडांवर नाही, अशी खूण असली तरच संशय घ्यायचा.

कोरणी धातू काढू शकते, वाढवू शकत नाही. पुसट ताऱ्याला उठाव द्यायचा तर आजूबाजूची जमीन खाली घ्यावी लागते. (चित्रांमागच्या सपाट जागेला आम्ही येथे ‘जमीन’ म्हणतो.) त्यामुळे कोरलेला तारा एका उथळ खळग्यात बसल्यासारखा दिसतो. बाजूने तिरपा प्रकाश टाकला की खळग्याच्या काठाची सावली पडते. कोरणीच्या खाचेला दोन्ही काठांवर धातूची बारीक वरंबी येते, नांगराच्या तासाला येते तशी. ती पुढे घासून काढली तर त्या घासण्याच्या खुणा राहतात.

झीज ही तर फार बोलकी साक्षीदार. ती सगळ्यांत उंच भागावर आधी होते आणि दोन्ही बाजूंवर होते. गरुडाची छाती गुळगुळीत, खांदा सपाट, आणि केसांच्या बटा मात्र काल विंचरल्यासारख्या, असे नाणे एका आयुष्यात घडत नाही. १७९४ च्या डॉलरला तर ही कसोटी आणखी कडक लावता येते. डावीकडचे तारे ठसठशीत आणि त्यांच्याच पाठीवरची अक्षरे पुसट, असे दिसले तर दाबाचा हिशेब जुळत नाही. चकती एक आणि दाबही एकच होता.

शेवटची खूण प्रकाशाची. ठसा बसताना धातू मध्यापासून कडेकडे वाहतो आणि पृष्ठभागावर अतिसूक्ष्म, आऱ्यांसारख्या रेषा उठतात. एका दिव्याखाली न झिजलेले नाणे तिरपे धरून फिरवले, तर प्रकाशाचे पट्टे गाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारखे फिरतात. झिजलेल्या नाण्यावर ही चमक तारे आणि अक्षरांच्या आडोशाला थोडीफार उरते. जमीन घासून गुळगुळीत केली की तिथे आरे फिरायचे थांबतात, आणि त्यांच्या जागी एकाच दिशेच्या बारीक रेघा चमकतात. घासलेला भाग पांढुरका दिसतो म्हणून त्याला गंधकाच्या संयुगाने मुद्दाम काळे करतात. घरातल्या चांदीच्या भांड्यावर जे आपोआप चढते तेच सिल्व्हर सल्फाइड. पण वर्षानुवर्षे चढलेला काळपटपणा आडोशाच्या जागी दाट आणि उघड्यावर विरळ असा पायरीपायरीने उतरतो, तर घाईने चढवलेला बहुधा डागासारखा बसतो. लाख किंवा मेण भरून ओरखडे लपवले असतील तर तेही फार काळ लपत नाहीत. ॲसिटोनचा चांदीवर परिणाम होत नाही. पुष्कळशी रोगणे मात्र त्यात विरघळतात.

क्रमाची ही दृष्टी किती दूर नेऊ शकते, याचा उत्तम नमुना म्हणून एरिक न्यूमन आणि केनेथ ब्रेसेट यांच्या ‘द फँटास्टिक १८०४ डॉलर’ या १९६२ च्या पुस्तकाकडे बोट दाखवता येईल. टाकसाळीच्या नोंदीत १८०४ साली १९,५७० डॉलर पाडल्याचा उल्लेख आहे, पण १८०४ हे साल असलेली नाणी मोजकीच आहेत. बाकीची कुठे गेली? कोणी म्हणे जहाजाबरोबर बुडाली, कोणी म्हणे चाच्यांना खंडणीत गेली. कित्येक दशके हा वाद कागदाच्या आणि दंतकथांच्या आधारे चालला. प्रत्यक्षात त्या वर्षी पाडलेल्या डॉलरांवर आधीचेच साल होते. १८०४ साल असलेले पहिले डॉलर १८३४-३५ मध्ये, मस्कतच्या सुलतानाला आणि सयामच्या राजाला द्यायच्या नजराण्यांसाठी पाडले गेले. आणि हे नाण्यावरच दिसत होते! त्या नाण्यांचा काठ मण्यांचा आणि उंच आहे, आणि कडेवरची आधी उमटवलेली अक्षरे दाबली गेली आहेत. ठसा मारताना चकतीभोवती घट्ट बसणाऱ्या कड्याचे हे काम, आणि तसे कडे फिलाडेल्फियाच्या टाकसाळीत १८२८ पासून वापरात येऊ लागले. १८०४ मध्ये ते नव्हतेच. पुस्तक छापायला जात असताना सयामच्या राजाचा नाण्यांचा संच उजेडात आला आणि लेखकांना मजकुरात फेरफार करावे लागले, पण त्या संचाने त्यांच्या निष्कर्षाला बळकटीच दिली.

आपल्या विषयाला याचा उपयोग असा. १८०० ते १८०३ या सालांच्या साध्या डॉलरांचा शेवटचा आकडा बदलून ‘१८०४’ बनवण्याचे प्रयत्न पुष्कळ झाले. बहुतेक लोक अशा वेळी भिंग घेऊन तो आकडाच न्याहाळत बसतात : पायाशी सांधा आहे का, झाळ आहे का. ते करावेच. पण कारागिराने आपली सगळी बुद्धी त्याच जागी खर्च केलेली असते. नजर आकड्यावरून काढून काठाकडे आणि कडेकडे नेली, तर भिंगाचीही गरज पडत नाही. आकडा कितीही सफाईने बदलला तरी काठाला मणी फुटत नाहीत. शिवाय १८०४ च्या सगळ्या खऱ्या नाण्यांची दर्शनी बाजू एकाच साच्याची आहे. तेव्हा प्रत्येक तारा जागच्या जागी जुळला पाहिजे.

येथे साच्यांच्या याद्यांचा उल्लेख केला पाहिजे. बोलेंडर याने १९५० मध्ये १७९४ ते १८०३ च्या डॉलरांची आणि ओव्हर्टन याने १९६७ मध्ये अर्ध्या डॉलरांची साचेवार यादी केली. कोणता तारा कोणत्या अक्षराकडे टोक करतो, आकड्यांमध्ये किती अंतर आहे, असे कंटाळवाणे तपशील पानोपानी. ही पुस्तके संग्राहकांच्या हौसेसाठी निघाली. लबाडी पकडणे हा त्यांचा हेतू नव्हता, तरीही आमच्या मते या कामी त्यांच्याइतके उपयोगी दुसरे काही नाही, कारण दुसऱ्या कोणालाही तपासून पाहता येईल असा पुरावा ती देतात. लिलावांच्या जुन्या सचित्र सूच्यांचेही तसेच. त्याच नाण्याचे जुने छायाचित्र मिळाले आणि त्यात तारा पुसट असला, तर वादच मिटतो. या रीतीलाही मर्यादा आहे. फार झिजलेल्या नाण्यावर सगळे थरच पुसले गेलेले असतात, आणि तिथे ‘सांगता येत नाही’ एवढेच प्रामाणिक उत्तर उरते.

१७९४ चा डॉलर आपल्या शाळेत येणार नाही. पण थरांचा क्रम शाडूच्या मातीत दाखवता येतो. ठसठशीत चित्र असलेले एखादे नाणे ओल्या शाडूत दाबून साचा करावा, सावलीत वाळू द्यावा, आणि त्यावर टाचणीने एक ओरखडा काढावा. मग मऊ मातीची चकती घेऊन तिच्यावर दाबण्याआधीच दुसरी रेघ ओढावी. साच्याला तेलाचे बोट लावून चकती दाबून काढावी आणि वर तिसरी रेघ कोरावी. खोलीत अंधार करून टॉर्च अगदी आडवा धरला, की पहिली रेघ उंच, दुसरी चेपलेली आणि तिसरी वरंब्यांसह खोल दिसते. कोणती कधीची, हे मुलांनी कारणासह वहीत लिहावे. माती ओलसर असतानाच पाहावे. वाळली की तिला आपोआप चिरा जातात आणि निम्मा वर्ग त्यांनाही कोरणीच्या रेघा समजतो.